मुलांच्या शौचाच्या सवयी

मराठी घरात दीड-दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना 'शी' हा एकच शब्द दोन कामांसाठी वापरला जातो. "बाळाला शी आली का?" असे आई लाडाने विचारते, तेव्हा ते मलाचे नाव असते, आणि मुलाने त्याच वस्तूला हात लावला की घरातली चार माणसे नाक मुरडून "शी!" म्हणतात, तेव्हा तो किळसेचा उद्गार असतो. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. मूल मात्र नुकतेच भाषा शिकत असते आणि शब्द व वस्तू यांची सांगड घालण्याचा त्याचा उद्योग अखंड चाललेला असतो. ज्या गोष्टीसाठी सकाळी टाळ्या वाजवून कौतुक झाले, तिच्याच नावाने दुपारी तोंडे वाकडी होतात. मग आपल्या अंगातून बाहेर आलेली ही वस्तू दाखवावयाची की लपवावयाची, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो, आणि पुष्कळ मुले ती लपविण्याचा मार्ग पत्करतात. पलंगाआड किंवा दारामागे उभे राहून मूल चड्डीत शी करते आणि विचारले तर मान हलवून नाही म्हणते, त्याच्या मुळाशी हट्ट क्वचितच असतो. बहुधा लाज असते.

शौचाची सवय लावणे आणि त्याबरोबरच स्वच्छता शिकविणे हे काम किळसेच्या बळावर करता येईल, असा एक समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. तो दोन्ही बाजूंनी नडतो. किळस मुलाला शरीराची लाज शिकवते, हात धुण्यास शिकवीत नाही. आणि मोठ्यांची किळस तरी कोठे भरवशाची असते? मोठ्या माणसाच्या मलाची जिला शिसारी येते, तीच आई तान्ह्या बाळाच्या शीचे दुपटे बदलून, हात नुसते पाण्याखाली धरून पोळ्या लाटावयास बसते. कारण बाळाची शी ती काय, असे तिच्या मनाने घेतलेले असते.

प्रथम शरीराचा विचार करू. गुदद्वारापाशी स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपोआप उघडते व मिटते. त्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही. बाहेरचे कडे मात्र इच्छेने आवळता व सैल सोडता येते. अर्थात ही सत्ता जन्मतः मिळत नाही. मेंदूपासून तेथपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंचा विकास व्हावा लागतो आणि तो साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पुरेसा होतो. दुपटे दोन-दोन तास कोरडे राहू लागले, शी येण्यापूर्वी मूल खेळता खेळता एकदम थबकू लागले, चड्डी खाली ओढता येऊ लागली, "तो चेंडू आण" यासारखी सूचना त्याला कळू लागली, म्हणजे वेळ आली असे समजावे. काही मुलांत ही चिन्हे अठराव्या महिन्यात दिसतात, काहींत अडीच वर्षे उलटून जातात. शेजारच्या घरातले मूल आधी शिकले म्हणून आपल्या मुलात काही उणे आहे, असे मानण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतही मुलाला काही महिन्यांचे असतानाच घड्याळाच्या काट्यावर भांड्यावर बसविण्याचा मोठा आग्रह असे. टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला व मुलाची तयारी पाहून, त्याच्या कलाने सवय लावावी असे प्रतिपादन केले. तेव्हापासून बालरोगतज्ज्ञांचा ओढा त्या बाजूस आहे. यावर श्रोत्यांतील आज्या म्हणतील की, आम्ही तर चौथ्या महिन्यापासून बाळाला पायांवर बसवीत होतो आणि "शू" असा आवाज केला की काम होत असे. ते खरेच आहे. पाटावर बसून, दोन्ही पावले जुळवून त्यावर बाळाला टेकविण्याची ही रीत मोठी सोयीची होती, आणि बाळाच्या शरीराला ठरावीक आवाजाची व ठरावीक बैठकीची सवयही लागे. मात्र त्या वयात वेळ ओळखीत असे ती आई, बाळ नव्हे. मुलाने स्वतः वेळ ओळखावी, सांगावे, थोडे थांबावे आणि जागेवर जावे, हे शिक्षण त्यानंतरचे आहे. जुन्या रीतीत चूक काही नव्हते. बाळाला दामटून, रडत ठेवून बसविले तरच ती बिघडे. आजच्या कागदी डायपरची अडचण उलट आहे. ते इतके कोरडे राहते की आपल्याला काही झाले, हे मुलाला उमगतच नाही. प्रवासात ते वापरावे. पण सवय लावण्याच्या दिवसांत घरी सुती चड्डी बरी.

अन्न पोटात पडले की मोठ्या आतड्याला चालना मिळते. हा शरीराचा नियम आहे, म्हणून सकाळचे दूध किंवा न्याहारी झाल्यावर मुलाला बसविणे सर्वांत फलदायी ठरते. पाच मिनिटे पुरेत. तेवढ्यात काही झाले नाही तर उठवावे, रागावू नये. बसताना मुलाची पावले कशावर तरी टेकलेली असली पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी मुलाला जोर करता येत नाही. उकिडवे बसले की गुदाशयाचा बाक सरळ होतो आणि मल सुलभ बाहेर पडतो, म्हणून आपल्याकडील जुनी बैठक शास्त्राला धरूनच आहे. शहरांतल्या सदनिकांत आता कमोड असतात. तेथे मुलासाठी लहान बैठक वर ठेवावी आणि पायांखाली पाट द्यावा. देशी शौचकुपाच्या भोकाची कित्येक मुलांना फार भीती वाटते. आपणही त्यात वाहून जाऊ, असे दोन वर्षांच्या मुलाला वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. त्याने पाहिलेल्या सगळ्या वस्तू तेथूनच नाहीशा होत असतात! अशा मुलाला प्रथम रुंद बुडाचे साधे भांडे द्यावे, आणि पाणी सोडावयाचे ते मूल बाहेर आल्यावर सोडावे.

भीती आणि लाज यांचा परिणाम नुसत्या मनावर होऊन थांबत नाही. मूल शी धरून ठेवते. मोठे आतडे मलातले पाणी शोषून घेत असते. जितका वेळ मल आत राहील तितका तो कोरडा व कठीण होतो. मग दोन-तीन दिवसांनी तो बाहेर येताना दुखते, कधी बारीक चीर पडून रक्ताचा थेंब दिसतो. दुखले म्हणून मूल पुढच्या खेपेस अधिक निकराने धरून ठेवते. मांड्या आवळून, पायांच्या बोटांवर उभे राहून, चेहरा लाल करून मूल उभे असले की घरच्यांना वाटते, ते जोर करीत आहे. वास्तविक ते शी रोखून धरीत असते. हे चक्र चालत राहिले तर आत मलाचा गोळा साचतो आणि त्याच्या कडेने पातळ मल नकळत झिरपून चड्डी खराब करतो. आईला वाटते, जुलाब झाले. ती जुलाब थांबविण्याचे औषध देते, आणि मुळातली बद्धकोष्ठता आणखी घट्ट होते. अशा मुलाला मार मिळतो तो त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी. त्याला वैद्यकीय उपचार हवा असतो. मल मऊ करण्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पुष्कळ दिवस द्यावे लागते. त्याआधीच सावध राहावयाचे तर पाणी, फळे, भाज्या, भाकरी यांकडे लक्ष द्यावे, आणि दिवसभर दुधावर ठेवून मुलाची भूक मारू नये.

आता स्वच्छतेकडे वळू. तान्ह्या मुलाचा मल निरुपद्रवी असतो हा समज किती घातक आहे, हे पोलिओच्या इतिहासावरून कळावे. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि कित्येक आठवडे मलावाटे बाहेर पडत राहतो. त्याची बाधा झालेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एखाद्यालाच लुळेपणा येई. बाकीची हसती-खेळती राहत, आणि त्यांच्या निरोगी दिसणाऱ्या शीतून रोग पसरत जाई. भारतातला नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली, २०११ सालच्या जानेवारीत आजारी पडलेली एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे लसीने साधले. परंतु पोलिओचा विषाणू ज्या वाटेने जात होता ती वाट बंद झालेली नाही. विषमज्वर, कावीळ, रोटा विषाणूचे जुलाब, आव हे सारे तिनेच प्रवास करतात: मलातून हाताला, हातातून तोंडाला, आणि मध्ये कधी पाण्याचे भांडे, कधी माशी, कधी पोळी. रोटा विषाणूवरील लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली. पण प्रत्येक रोगावर लस नाही, आणि बद्धमूल सवयींवर तर नाहीच.

यास्तव दुपट्यातली किंवा भांड्यातली शी शौचकुपातच गेली पाहिजे. चाळीच्या मागल्या गटारावर मुलांना ओळीने बसविणे, कागदात गुंडाळून ती उकिरड्यावर फेकणे, ही दृश्ये गावांत व शहरांत अजून दिसतात. डायपरसुद्धा आतली शी शौचकुपात झटकून, मग घट्ट गुंडाळून कचऱ्यात टाकावयाचे असते. इतके कोण करतो, असे कोणी म्हणेल. पण त्याच उकिरड्याशेजारी पुढच्या गल्लीतले मूल खेळत असते.

कृमींचे दोन प्रकार येथे आवर्जून सांगावयास हवेत, कारण त्यांची रीत निराळी आणि म्हणून उपायही निराळा. पोटातल्या मोठ्या गोल जंतांची अंडी मलाबरोबर मातीत पडतात. तेथे दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती बाधा करण्याजोगी होतात आणि पुढे दीर्घकाळ तशीच टिकतात. ती पोटात जातात मातीने भरलेल्या हातांतून. दुसरे कृमी सुतासारखे बारीक व पांढरे असतात. त्यांची मादी रात्री मूल झोपले असता गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. तेथे खाज सुटते, मूल झोपेत खाजविते, अंडी नखांत अडकतात आणि काही तासांतच ती बाधा करण्यास सज्ज होतात. सकाळी अंगठा तोंडात गेला की जुन्याच मुलाला नवी बाधा. म्हणून रात्री चुळबुळणाऱ्या मुलाची नखे बारीक कापावीत, सकाळी उठल्याबरोबर त्याला धुवावे, चड्डी व पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात घालावे. औषध डॉक्टर देतील ते घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावयाचे असते. एकट्या मुलाला देऊन भागत नाही. २०१५ पासून जो राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, त्यात एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत गोळी मिळते. ती चुकवू नये.

हे सारे ज्ञान दोन वर्षांच्या मुलाला सांगून काय उपयोग? काहीच नाही. जंतू दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्याची भीती घातली तर मूल एकतर भिते किंवा विसरते. पण या वयाची एक देणगी असते, तिचा उपयोग करून घेता येतो. मारिया मॉन्टेसोरी यांनी मुलांचे निरीक्षण करताना टिपले की, एक ते तीन वर्षांच्या मुलाला क्रमाचे विलक्षण वेड असते. गोष्टीतला एक शब्द बदलला तरी ते अडून बसते. चपला नेहमीच्या जागी नसल्या तर बेचैन होते. त्यांच्या शिक्षणपद्धतीत हात धुणे हा स्वतंत्र पाठ असतो, तो याच कारणाने. शौचाचाही असा एक न बदलणारा क्रम बसवून द्यावा. सांगणे, जाणे, चड्डी उतरविणे, बसणे, धुणे, पुसणे, चड्डी चढविणे, पाणी ओतणे, साबणाने हात धुणे. अखेरची पायरी झाल्याशिवाय काम संपले नाही, असे मुलाला वाटू लागले की शिकविण्याचे राहिले नाही. आई घाईत साबण विसरली तर मूलच तिला अडवील. त्यासाठी साबण, तांब्या व पुसण्याचे फडके मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, रोज त्याच जागी हवे. उंच फळीवरचा साबण मागून घ्यावा लागतो, आणि मागावी लागणारी वस्तू लवकर सुटते.

तारा मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आजच्या पालघरमध्ये) १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात वर्गाची वाट न पाहता शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तेथे मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे हा दिवसक्रमाचाच भाग होता. अक्षरांआधी तांब्या आला. तेथे स्वच्छतेवर व्याख्यान नव्हते. ताई व मूल दोघेही एकत्र बसून ते करीत.

हात धुण्याविषयी थोडे तपशिलाने सांगावयास हवे. जंतू हाताला चिकटतात ते मुख्यतः त्वचेवरल्या तेलकट मळात. पाणी तेलाला धरीत नाही. साबणाचे मात्र एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते, आणि घासल्यावर मळ जंतूंसकट वाहून जातो. म्हणून साबणाइतकेच महत्त्व घासण्याला आहे. तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा व नखांची टोके यांना सुमारे वीस सेकंद द्यावीत. मुलाचे एखादे लहानसे बडबडगीत सावकाश दोनदा म्हणून होते तेवढा हा वेळ. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबांचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन दिसून आले आहे. साबण नसेल तेथे चुलीतली स्वच्छ राख चालेल. अंगणातली माती नको, कारण जंतांची अंडी राहतात ती तिथेच.

डाव्या हाताने धुवावे, उजव्याने जेवावे, ही आपली जुनी विभागणी शहाणपणाची आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही. भाकरी एका हाताने थापता येत नाही, आणि लहान मूल तर कोणता हात कोणता हेच जाणत नाही. मूल डावखुरे असले तर या नियमापायी त्याच्या हातावर फटके मारणे हे शुद्ध अज्ञान होय. दोन्ही हात नीट धुतले म्हणजे झाले. चार-पाच वर्षांपर्यंत मुलाचा हात मागे नीट पोहोचत नाही, तोवर धुण्याचे काम मोठ्यांचेच. अशा वेळी हात धुवावयाचे असतात ते दोघांनी. मुलाचे हात आठवणीने धुऊन आई तशीच कणीक मळावयास गेली, तर सारा क्रम फुकट गेला.

मुलीला धुताना व पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि मागून पुढे हात आला तर मलातले जंतू त्यात शिरून मूत्रमार्गाचा दाह होतो. मुलगी स्वतः धुऊ लागेल तेव्हा ही एकच गोष्ट तिला पुनःपुन्हा दाखवावी. मुलग्यांच्या बाबतीत शिश्नावरची कातडी स्वच्छतेसाठी ओढून मागे नेण्याची काही घरांत पद्धत आहे. ती करू नये. लहान वयात ती कातडी आत चिकटलेलीच असते, ओढल्याने इजा होते. बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे असते.

सवय लागली असे वाटत असता मध्येच ती मोडते. धाकटे भावंड आले, घर बदलले, आई कामावर जाऊ लागली, की तीन वर्षांचे मूल पुन्हा चड्डीत करू लागते. ते चार-सहा आठवड्यांत पूर्ववत होते, मात्र कोणी त्याची चारचौघांत फजिती करू नये. रात्रीचा कोरडेपणा तर दिवसाच्या पुष्कळ मागून येतो. पाच वर्षांच्या सहा-सात मुलांत एखादे अंथरूण ओले करतेच, आणि बऱ्याच वेळा त्याचे वडील किंवा आई लहानपणी तेच करीत असतात.

शाळेचा दिवस येतो तेव्हा एक नवीच अडचण पुढे येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथल्या मराठी घरातले मूल बालवर्गात जाते आणि "शी आली" म्हणून सांगते. तिथल्या बाईंना ते कळत नाही, किंवा मुलाने कशाची तरी किळस दाखविली असे वाटते. मूल एकदा सांगते, दोनदा सांगते, मग घरी येईपर्यंत धरून ठेवू लागते, आणि वर सांगितलेले बद्धकोष्ठतेचे चक्र येथून सुरू होते. म्हणून तिथे चालणारा शब्द त्याला महिनाभर आधी शिकवावा, आणि घरचा शब्द बाईंच्या कानावर घालावा. नाडीची चड्डी असेल तर काढून इलॅस्टिकची द्यावी. गाठ सोडता न आल्याने किती मुलांवर रडण्याची पाळी येते, हे बालवर्गाच्या कोणत्याही सेविकेला विचारावे. शाळा पाहावयास जाणारे पालक भिंतीवरची चित्रे व खेळणी पाहून येतात. त्यांनी शौचालयही उघडून पाहावे. दाराची कडी मुलाला आतून निघते काय, पायांना टेकण्यास जागा आहे काय, आणि नळ मुलाच्या उंचीचा असून त्याच्याजवळ साबण आहे काय. साबण नसेल तर दोन वड्या सोबत घेऊन जाण्यास मुख्याध्यापिकांची ना सहसा नसते.